समोरच्या बिल्डिंगची सावली डिसेंबरात गच्चीवर कुठवर येईल? सूर्याची जागा काढायची कशी?

गच्चीवाला_नाशिक:

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि जरा घाईची आहे. नाशिकला आमचा दुमजली बंगला आहे, गच्ची पूर्व-पश्चिम ९ मीटर आणि दक्षिण-उत्तर १२ मीटर, घर बऱ्यापैकी दिशांना धरून बांधलेलं. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं नक्की झालंय, कोटेशन हातात आहे, सहा पॅनल, सगळी दक्षिणेकडच्या कठड्याला लागून. आता भानगड अशी की बरोबर दक्षिणेला रस्त्यापलीकडचा जुना बंगला पाडलाय आणि तिथे अपार्टमेंट होणार आहे. साइटवरच्या माणसाने प्लॅन दाखवला, त्याप्रमाणे वरच्या कठड्यासकट ती इमारत आमच्या गच्चीच्या फरशीपेक्षा १२ मीटर उंच जाणार, रुंदी १८ मीटर, आमच्या घराच्या अगदी समोरासमोर, आणि तिच्या भिंतीपासून आमच्या गच्चीची कड ८ मीटर.

सोलरवाला म्हणतो, साहेब सूर्य डोक्यावर असतो, सावलीचं टेन्शन घेऊ नका. आत्ता मे महिन्यात बघितलं तर त्याचं खरंच वाटतं कारण दुपारी काठी उभी केली तर सावली पायाशीच. पण थंडीत हॉलच्या खिडकीतून ऊन पार सोफ्यापर्यंत येतं हे दरवर्षी बघतोय, म्हणजे तेव्हा सूर्य दक्षिणेला बराच खाली असतो एवढं कळतं, किती खाली ते कळत नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्यावर सूर्याची रेघ दिसते पण समोर इमारतच नाहीये तर रेघ कशाशी ताडून बघू? मला आकडा पाहिजे. माझं ठिकाण अमुक, तारीख अमुक, वाजले इतके, तर सूर्य कुठे, हे स्वतः काढता येतं का? दहावीची त्रिकोणमिती आठवते, त्यापुढची नाही.

अजून दोन शंका. फोनचा होकायंत्र गच्चीच्या प्रत्येक कोपऱ्यात वेगळी उत्तर दाखवतो, असं का? आणि दुपारी बरोबर १२ ला काठीची सावली पश्चिमेला कललेली होती, १२ ला तर सूर्य मध्यावर पाहिजे ना?


भूगोलाची_बाई:

काढता येतं, आणि दहावीची त्रिकोणमिती पुरते. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली त्यामुळे असा प्रश्न कोणी मनापासून विचारला की फार बरं वाटतं, जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी तुमची शेवटची शंका, कारण ती सुटली नाही तर पुढचं सगळं गणित अर्ध्या तासाने चुकतं. तुमच्या घड्याळातली वेळ नाशिकची नाहीच, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारी रेघ. १ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ सुरू झाली, आणि आता सरकारी घड्याळ सगळीकडे तिच्यावर चालतं. नाशिक साधारण ७३.८ अंशावर, म्हणजे ८.७ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे सूर्य नाशिकच्या मध्यावर जवळपास ३५ मिनिटं उशिरा येतो. त्यात आणखी एक दुरुस्ती असते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळासारखा सरळ चालत नाही, ११ फेब्रुवारीच्या सुमाराला तो १४ मिनिटं मागे असतो आणि ३ नोव्हेंबरच्या सुमाराला १६ मिनिटं पुढे. याला कालसमीकरण म्हणतात, त्याचे तक्ते सहज मिळतात. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास ही दुरुस्ती शून्य असते. म्हणजे नाशिकची खरी दुपार फेब्रुवारीत १२:४९ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला, आणि आत्ता मेच्या मध्यात १२:३१ ला होते. तुम्ही १२ ला काठी उभी केलीत तेव्हा सूर्याला मध्यावर यायला अर्धा तास होता, तो पूर्वेकडे होता, सावली पश्चिमेला पडणारच. काठीचं काही चुकलेलं नाही.

आता सूर्याची जागा. ती दोन कोनांत सांगतात. क्षितिजापासून किती वर ते उन्नतांश, आणि कुठल्या दिशेला ते दिगंश. हे दोन काढायला तीन गोष्टी लागतात: तुमचा अक्षांश, त्या दिवशीची सूर्याची क्रांती आणि तासकोन.

अक्षांश नाशिकचा २० धरा, जवळपास तेवढाच आहे. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, २१ जूनला अधिक २३.४४, २१-२२ डिसेंबरला उणे २३.४४, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना शून्य. मधल्या तारखांसाठी १ जानेवारीपासूनचा दिवसाचा क्रमांक घ्यायचा, त्यात २८४ मिळवायचे, ३६० ने गुणून ३६५ ने भागायचं, येईल त्या कोनाचा साइन घेऊन २३.४५ ने गुणायचं, झाली क्रांती. शरद ऋतूत हे सूत्र एखाद्या अंशापर्यंत इकडेतिकडे होतं, गच्चीच्या कामाला चालतं. तासकोन म्हणजे खऱ्या दुपारपासून सूर्य किती दूर, दर तासाला १५ अंश.

फक्त दुपारचा विचार केला तर हिशोब एका ओळीचा आहे, ९० वजा अक्षांश अधिक क्रांती. डिसेंबरात नाशिकला ९० − २० − २३.४४ म्हणजे ४६.५६ अंश. अर्ध्या आकाशापेक्षा जरासाच वर. डोक्यावर वगैरे अजिबात नाही. १२ मीटर इमारतीची सावली मग १२ भागिले टॅन ४६.५६, म्हणजे ११.४ मीटर. त्यातले ८ मीटर रस्ता आणि मोकळी जागा खाणार, उरलेले ३.४ मीटर तुमच्या गच्चीवर. तुमची पॅनल कठड्याला लागून असतील तर ती ऐन दुपारी अंधारात.

हे किती दिवस चालेल तेही काढता येतं. दुपारची सावली बरोबर ८ मीटर व्हायला सूर्य ५६.३ अंशावर पाहिजे, म्हणजे क्रांती उणे १३.७. ऑक्टोबर संपता संपता ती होते आणि परत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मधले साडेतीन महिने दुपारची सावली गच्चीवर असणार. तुमचा सोलरवाला मेमध्ये उभा राहून डिसेंबरबद्दल बोलतोय. नाशिकला २० मेच्या आसपास सूर्य खरोखर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस, परत २३-२४ जुलैला पण तेव्हा ढग असतात, आणि या दोन तारखांच्या मधे तर तो दुपारी उत्तरेला असतो. २१ जूनला समोरच्या इमारतीची सावली दुपारी दक्षिणेलाच पडेल, पाऊण मीटरभर.

होकायंत्राचं असं की आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फरक एक अंशाच्या आतच असतो, होकायंत्र वाईट नाही, पण स्लॅबमधलं लोखंड, पाण्याच्या टाकीचा स्टँड, ग्रिल यांनी सुई ओढली जाते. काठीच वापरा. सकाळी दहाच्या सुमाराला सावलीच्या टोकाला खूण करा, त्या लांबीचं वर्तुळ काठीभोवती खडूने काढा, दुपारनंतर सावलीचं टोक परत त्या वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण करा, दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. मे महिन्यात ऐन दुपारची सावली इतकी तोकडी असते की तिच्यावरून उत्तर काढायला जाऊ नका, ही रीत मात्र चालते.


गच्चीवाला_नाशिक:

बाई, मनापासून धन्यवाद, असं शाळेत कोणी सांगितलं असतं तर! म्हणजे दक्षिणेचे साडेतीन मीटर सोडले आणि पॅनल त्याच्या मागे सरकवली की काम झालं असं समजू का? दुपारी सूर्य सगळ्यात वर असतो म्हणजे सकाळ-संध्याकाळी सावली लांब होईल हे मान्य, पण तेव्हा ती तिरकी जाऊन दुसऱ्यांच्या गच्चीवर पडेल ना, आमच्यावर नाही.


सोलरवाला_सातारा:

थांबा भाऊ, साडेतीन मीटरवर थांबलात तर फसाल. मी याच धंद्यात आहे, साइट बघायला जातो तेव्हा पहिलं काम हेच करतो, आणि लोक नेमकं इथेच घसरतात. दुपारची सावली सगळ्यात छोटी असते हे बरोबर पण तुम्हाला सावलीची लांबी मोजायची नाहीये, तुम्हाला मोजायचंय की ती उत्तरेकडे किती सरकली. आणि थंडीत सकाळी ती उत्तरेकडे पण जास्त सरकते, नुसती पश्चिमेला जात नाही.

बाईंनी दुपारचं सूत्र दिलं, बाकीच्या वेळांसाठी हे घ्या:

साइन(उन्नतांश) = साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कॉस(अक्षांश) × कॉस(क्रांती) × कॉस(तासकोन)

आणि दिशा दक्षिणेपासून मोजायची असेल तर

कॉस(दिशा) = (साइन(उन्नतांश) × साइन(अक्षांश) − साइन(क्रांती)) ÷ (कॉस(उन्नतांश) × कॉस(अक्षांश))

सकाळी ही दिशा पूर्वेकडे मोजायची, दुपारनंतर पश्चिमेकडे.

तुमच्यासाठी २१ डिसेंबर करून बघितलं. त्या दिवशी नाशिकची खरी दुपार घड्याळात १२:३३ ला. सूर्याच्या वेळेने सकाळी १०, म्हणजे घड्याळात १०:३३, तासकोन ३० अंश. सूर्य ३७.६ अंश वर, दक्षिणेपासून ३५.४ अंश पूर्वेला. सावलीची लांबी १५.६ मीटर, त्यातली उत्तरेकडे १२.७ आणि पश्चिमेकडे ९ मीटर. म्हणजे गच्चीवर ४.७ मीटर आत आली. आता इमारत १८ मीटर रुंद, तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार मीटर बाहेर निघालेली, तिचा पूर्वेकडचा कोपरा मध्यापासून ९ मीटरवर, त्याची सावली ९ मीटर पश्चिमेला सरकली म्हणजे बरोबर तुमच्या गच्चीच्या मध्यावर आली. तर १०:३३ ला गच्चीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग ४.७ मीटरपर्यंत सावलीत, पूर्वेकडच्या अर्ध्यात ती तिरकी रेघ कठड्याकडे उतरत जाते.

अर्धा तास आधी, घड्याळात १०:०३ ला, सूर्य ३३ अंशावर, सावली उत्तरेकडे १३.६ मीटर, पण पश्चिमेला १२ मीटर सरकलेली, त्यामुळे फक्त पश्चिमेचा मीटर-सव्वा मीटरचा पट्टा ५.६ मीटर आत सापडतो. त्याच्याही आधी बघितलं, ९:३३ ला, तर उत्तरेकडे १५ मीटर जाते पण इतकी पश्चिमेला की तुमच्या गच्चीवर फक्त नैऋत्येचा त्रिकोण उरतो, साडेचार मीटरपर्यंत. म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, फार सकाळची सावली शेजाऱ्यांकडे जाते. पण दहा-साडेदहाची तुमच्याकडेच येते. दुपारनंतर हेच सगळं आरशात बघितल्यासारखं पूर्वेकडच्या बाजूला, अडीच-तीनला आग्नेयेचा कोपरा.

तर हिशोब असा, जमिनीलगत पॅनल लावणार असाल तर दक्षिणेचे पाऊणेसहा-सहा मीटर सोडा, उरलेले ९ बाय ६ मीटर वर्षभर साफ. सहा पॅनलला ते भरपूर होतात, एक पॅनल साधारण सव्वादोन मीटर बाय एक मीटर दहा-पंधरा सेंटिमीटर.

दुसरा रस्ता उंच स्ट्रक्चरचा. पॅनल फरशीपासून अडीच मीटर वर घेतली की समोरची इमारत तुमच्या पॅनलसाठी साडेनऊ मीटरचीच राहते. सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी होतात, दुपारची सावली ९ मीटर म्हणजे गच्चीवर फक्त १ मीटर, १०:३३ ला २ मीटर, १०:०३ ला पश्चिमेकडच्या भागात पाऊणेतीन, ९:३३ ला नैऋत्येच्या कोपऱ्यात जवळपास चार, कारण सावली पश्चिमेलाही त्याच प्रमाणात कमी सरकते. सव्वाचार मीटर सोडले की सुटलात, आणि खाली कपडे वाळत घालायला, पापड-कुरडया घालायला गच्ची मोकळी. खर्च वाढतो, आणि वाऱ्यासाठी स्ट्रक्चर भक्कम पाहिजे, अँकर स्लॅबमधे नीट घ्यायला पाहिजेत आणि वॉटरप्रूफिंग फुटणार नाही हे बघायला पाहिजे, पण तुमच्या केसमधे मी तेच सुचवीन.

आणि थंडीची सावली "तीनच महिने" म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगात जातात, ऑक्टोबरनंतर आकाश स्वच्छ, थंड हवेत पॅनल चालतंही चांगलं, तेव्हाचं युनिट घालवणं परवडत नाही.


एक्सेलमास्तर:

वरची सूत्रं मी शीटमधे टाकून बघितली, आकडे जुळतात. ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण इथे हमखास अडकायला होतं. एक्सेल अंश समजत नाही, त्याला रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप) लागतात, तर प्रत्येक कोनाला आधी रेडियन करून घ्या नाहीतर सूर्य मध्यरात्री उगवेल.

दुसरं म्हणजे दिशा साइनने काढू नका. साइनचं सूत्र छोटं आहे म्हणून बरेच जण ते वापरतात, पण साइन ६० अंशाला जे देतो तेच १२० ला देतो, त्याला कळतच नाही की सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे. युरोपातल्या माणसाला भर दुपारी सूर्य नेहमी दक्षिणेलाच दिसतो म्हणून त्याचं तसं भागून जातं, आपण कर्कवृत्ताच्या खाली, महाराष्ट्र सगळाच्या सगळा खाली, त्यामुळे मे-जून-जुलैत सूर्य दुपारीसुद्धा उत्तरेला असतो आणि साइनवालं शीट तिथे सपशेल चुकतं. सातारकरांनी दिलेलं कॉसचं सूत्र यात वाचवतं, कॉस उणे आला की समजायचं सूर्य उत्तरेकडे गेला.

सूर्योदयाची दिशा पण याच गणितातून पडते. नाशिकला २१ जूनला सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात २५ अंश दक्षिणेला, म्हणजे वर्षभरात सूर्योदय क्षितिजावर ५० अंश सरकतो. "सूर्य पूर्वेला उगवतो" हे काटेकोरपणे वर्षातून दोनच दिवस खरं. दिवसाची लांबी जूनमधे जवळपास १३ तास २० मिनिटं, डिसेंबरात १० तास ५५ मिनिटं.

ज्यांना पायथन येतं त्यांनी पीव्हीलिब नावाची लायब्ररी घ्यावी, फुकट आहे, त्यात ठिकाण आणि वेळ दिली की उन्नतांश-दिगंश मिळतात, आणि नुसतं ताडून बघायचं असेल तर अमेरिकेच्या नोआ संस्थेचा सोलर कॅल्क्युलेटर ब्राउझरमधेच चालतो, वेळेचा फरक साडेपाच तास टाकायला विसरू नका. पण आधी एकदा हाताने करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, हाताने केलं की कुठला आकडा कुठून आला ते कळतं आणि अ‍ॅप चुकलं तर लगेच खटकतं.


शंकुछाया:

छान धागा. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. समोरची इमारत १२ मीटर आहे आणि आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषगणितातला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, १२ अंगुळांचा असतो. विषुवदिनाला भर दुपारी या १२ अंगुळांच्या शंकूची सावली जितकी अंगुळं पडते तिला पलभा म्हणतात, आणि गावागावाची पलभा पंचांगांत छापलेली असते. पलभा म्हणजे १२ गुणिले टॅन अक्षांश, दुसरं काही नाही. नाशिकची ४.३७, पुण्याची जवळपास बरोबर ४. म्हणजे २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला दुपारी समोरच्या इमारतीची सावली ४.३७ मीटर पडणार, ८ मीटरच्या आतच, गच्चीला स्पर्श नाही. आणि विषुवदिनाची खासियत अशी की सावलीचं टोक त्या दिवशी सरळ पूर्व-पश्चिम रेघेत चालतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उत्तरेकडे तेवढंच, ४.३७. त्यानंतर थंडीकडे जाताना ती रेघ वाकते आणि तिची दोन्ही टोकं उत्तरेकडे वळतात, सातारकरांनी जे दहा-साडेदहाचं सांगितलं त्याचं मूळ तेच.

पलभा हातात असली की दिवसाची लांबीही निघते, टॅन-साइनचं नाव न घेता. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ग्रहलाघव लिहिला, त्यात रीत आहे की पलभेला १० ने गुणा, ८ ने गुणा आणि १० ने गुणून ३ ने भागा, ही तीन चरखंडं, म्हणजे दिवसाची लांबी काढायचे तीन तुकडे. नाशिकसाठी ती ४३.७, ३५ आणि १४.६, बेरीज ९३ पळं, एक पळ २४ सेकंदांचं म्हणजे ३७ मिनिटं. २१ डिसेंबरला सूर्य सहाच्या जागी किती उशिरा उगवतो त्याचा हा आकडा. आजच्या सूत्राने करून बघितलं तर ३६ मिनिटं येतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या तोंडी हिशोबात एका मिनिटाची चूक! मला हे फार थोर वाटतं आणि हे आपल्या शाळांतून शिकवलं पाहिजे असं मनापासून वाटतं.

एक सावधगिरी. संक्रांतीपासून उत्तरायण म्हणून १४ जानेवारीची क्रांती सगळ्यात कमी असं धरून बरेच जण हिशोब करतात. संक्रांत निरयन राशीवरून, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने ठरते, आणि हा हिशोब आणि विषुवदिनावरून मोजलेला सायन हिशोब यात आज २४ अंशांचा फरक पडलेला आहे. सूर्य खरा वळतो २१-२२ डिसेंबरलाच. सावलीसाठी तीच तारीख घ्या, १४ जानेवारीला तो दोन अंश वर चढलेला असतो.

आणि डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर वटपौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून जूनमधला पूर्ण चंद्र डिसेंबरातल्या सूर्याच्या वाटेने जातो, दक्षिणेकडून, खालून. पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो कारण चंद्राची कक्षा तेवढी कललेली आहे, पण तो प्लॉटच्या वर कुठे दिसतो ते बघितलं की अंदाज डोळ्यांना पटतो. ढग नसले पाहिजेत एवढंच.


मेलबर्नकर:

मूळ प्रश्न सोडून विचारतोय, माफ करा. मी मेलबर्नला असतो, इथे घर बघतोय आणि आईचा फोनवरून आग्रह आहे की हॉल दक्षिणेला उघडणारा नको, उत्तर-पूर्व बघ, ऊन येईल असं बघ. इथे वरची सूत्रं तशीच चालतात का?


भूगोलाची_बाई:

चालतात, फक्त अक्षांश उणे घाला, मेलबर्न उणे ३७.८. सूर्य तुमच्याकडे कायम उत्तरेच्या बाजूने जातो, दुपारी कधीच डोक्यावर येत नाही. तुमचा हिवाळा जूनमधे, तेव्हा दुपारचा सूर्य ९० − ३७.८ − २३.४ म्हणजे २९ अंशांच्याही खाली, नाशिकच्या डिसेंबरापेक्षा कितीतरी खाली. तर थंडीत घरात ऊन पाहिजे असेल तर मोठ्या खिडक्या उत्तरेला घ्या आणि उत्तरेला उंच झाड किंवा इमारत नाही ना ते आधी बघा. आई उत्तर-पूर्व म्हणतायत ते तुमच्याकडे उन्हाच्या हिशोबानेही बरोबर आहे. त्यांना सांगा की बाईंनी पण तेच सांगितलं.


गच्चीवाला_नाशिक:

मंडळी, दुपारी बसून सगळे आकडे स्वतः काढले आणि सातारकरांचे आकडे जसेच्या तसे आले, १०:३३ ला ४.७ मीटर! सोलरवाल्याला दाखवले तर तो म्हणाला एवढं कोणी बघत नाही साहेब, पण उंच स्ट्रक्चरचा वेगळा रेट देतो म्हणाला. आता शेवटचं विचारतो. समजा बिल्डरने पुढे प्लॅन बदलला, अजून एक मजला चढवला, किंवा वर टाकीच्या खोलीचा ठोकळा आला, आणि थोडी सावली एखाद्या पॅनलच्या कोपऱ्यावर आलीच, तर किती बिघडतं? एक पॅनल कमी झालं एवढंच ना?


सोलरवाला_सातारा:

तेवढंच नाही म्हणून तर एवढं लिहिलं. सहा पॅनल साधारण एका माळेत जोडतात, करंट सगळ्यांतून एकच जातो, एकावर सावली आली की माळेची वाट अडते. पॅनलच्या मागच्या डब्यात बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग बाजूला टाकून करंट पुढे सोडतात, त्यामुळे सगळं बंद पडत नाही, पण कोपऱ्यावरच्या हातभर सावलीने पॅनलचा एक तृतीयांश भाग जाऊ शकतो, पॅनलवर सावलीचं क्षेत्रफळ किती आणि नुकसान किती याचा मेळ बसत नाही.

मजला वाढला तर गुणाकार सोपा आहे, उंची ३ मीटरने वाढली की फरशीवर उत्तरेकडचा आकडा सव्वापट, १०:३३ चे १२.७ चे १५.९ होतात, गच्चीवर जवळपास ८ मीटर आत. पॅनल अडीच मीटर वर असतील तर साडेबारा मीटरचा हिशोब, १३.२ मीटर, म्हणजे ५.२ मीटर आत. म्हणून आत्ताच स्ट्रक्चर उत्तरेकडच्या अर्ध्या भागातच घ्या, सव्वाचार मीटर सोडून भागतंय तरी सहा सोडा, तुमच्याकडे जागा आहे, ती वापरा. टाकीची खोली एका कोपऱ्यात असली तर तिची सावली अरुंद असते, गच्चीवरून फिरत निघून जाते, तिच्यासाठी वेगळा त्रास घेऊ नका.

तरीही मन खात असेल तर मायक्रोइन्व्हर्टर नाहीतर ऑप्टिमायझर लावून घ्या, मग प्रत्येक पॅनल स्वतःपुरतं चालतं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. महाग पडतात. माझं मत विचाराल तर मोकळी जागा असताना त्यात पैसे घालू नका, तेच पैसे स्ट्रक्चरच्या पाइपच्या जाडीत आणि गॅल्व्हनायझिंगमधे घाला. आणि कोटेशनवर सही करायच्या आधी एक करा, गच्चीचा कागदावर नकाशा काढा, दक्षिणेच्या कठड्यापासून पहिल्या पॅनलचं अंतर मीटरमधे आणि फरशीपासूनची उंची त्यावर लिहा, २१ डिसेंबरची १०:३३, १२:३३ आणि १४:३३ ची सावलीची रेघ काढा आणि तो कागद कोटेशनला जोडून त्याची पण सही घ्या. अंदाजपंचे दाहोदरसे काम करणारा माणूस अशा कागदावर सही करायला कां-कू करतो, त्यावरूनच कळेल.